संबंधितांचे मत घ्यावे

निर्णय कसा घ्यावा हे कुणाला शिकायचं असेल तर त्यानं सरळ माझ्याकडे यावं. मी नळजोडणी खात्यात आहे. तिथं माझ्या टेबलाची ख्याती अशी की, सकाळी आलेली फाईल संध्याकाळी दिसत नाही. शेजारच्या टेबलांवर फायलींचे ढिगारे, खिडकीत फायली, कपाटावर फायली. एका साहेबांनी तर पाय टेकायला खाली फायलींचा पाट मांडलाय. माझं टेबल मात्र लख्ख! लोक विचारतात, "कसं जमतं हो तुम्हाला?" मी नुसता हसतो.

आज तुम्हाला म्हणून सांगतो. मी फाईल उघडतो, शेवटचं पान वाचतो आणि खाली सुवाच्य अक्षरात लिहितो, 'संबंधितांचे मत घ्यावे.' सही, तारीख, फाईल पुढे. संबंधित कोण, ते ज्याच्या पुढ्यात फाईल पडेल त्यानं शोधावं. कधी तीच फाईल सगळं कार्यालय हिंडून पुन्हा माझ्याकडे येते, तेव्हा मी 'वरीलप्रमाणे' एवढंच लिहितो. इतक्या वर्षांत माझ्या हातून एकही चूक झाली नाही. होणार कुठून?

घरी अर्थातच एवढे बारकावे सांगायची गरज नसते. घरी मी खुर्चीत बसतो, डोळे मिटतो आणि म्हणतो, "आज दिवसभर निर्णयच निर्णय. डोकं उठलंय नुसतं." मग बायको चहा आणून देते.

बायको भरतकाम करते. हातानं नव्हे, यंत्रानं. मागच्या खोलीत तिचं ते धूड आहे आणि त्याला जोडलेला जुना कॉम्प्युटर. ती कॉम्प्युटरवर चित्र तयार करते, यंत्र ते कापडावर टाक्यांनी उमटवतं. त्या खोलीत मला दाराबाहेर उभं राहून बोलायची मुभा आहे. याचं कारण असं की, एकदा मी घराला शिस्त लावायला गेलो होतो आणि स्वयंपाकघरातल्या खणांना चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. 'चमचे', 'झाकणे' आणि उरलेलं सगळं 'संकीर्ण'. तेव्हापासून आमच्याकडे कात्री, मेणबत्त्या, बॅटरी आणि माझा चष्मा संकीर्णमध्ये सापडतो. बायको त्या खणाशी जाताना काहीतरी पुटपुटते. मी ते कधी नीट ऐकायला गेलो नाही.

तर, तिला एका बालवाडीचं काम आलं. रंगकामाच्या वेळी मुलांनी घालायचे एप्रन. प्रत्येक एप्रनवर मुलाचं नाव आणि नावाच्या वर एक चित्र. नाव बाईंसाठी, चित्र मुलांसाठी, कारण मुलांना अजून वाचता येत नाही. चित्र ज्याचं त्यानं निवडलं होतं. कुणी हत्ती, कुणी बदक, कुणी ट्रॅक्टर. आणि एका मुलीनं पंखा.

"पंखा? मोराचा?" मी दारातून विचारलं.

"छताचा," बायको म्हणाली. "ती रोज वर्गाच्या दारात चौकट धरून उभी राहते आणि छताकडे बघत बसते. आत यायचं नाव नाही. मी माप घ्यायला गेले तेव्हा म्हटलं, सोमवारी तुझा पंख्याचा एप्रन आणते, मग येशील ना आत? तर मान हलवली. मोठ्या बाई म्हणाल्या, इतक्या दिवसांत तिनं पहिल्यांदा कशाला तरी हो म्हटलंय."

त्या पंख्यावर बायकोनं जीव ओतला. पाती फिरताहेत असं वाटलं पाहिजे म्हणे. हत्तीसाठी लागला नसेल एवढा वेळ पंख्याला लागला. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सगळी चित्रं तयार झाली, नावं तर आधीच शिवून झाली होती. एप्रनची चळत बालवाडीच्या हजेरीपटाच्या क्रमानं, कॉम्प्युटरमधली चित्रं त्याच क्रमानं. पहिल्या एप्रनला पहिलं चित्र, दुसऱ्याला दुसरं. आता फक्त एप्रन चढवायचा आणि बटण दाबायचं.

आणि नेमका तेव्हाच पडद्यावर तो चौकोन आला.

'नवी प्रणाली तयार आहे. एकदा बसवल्यावर जुन्या प्रणालीवर परत जाता येणार नाही. आता बसवायची की नंतर?'

बायकोनं 'नंतर' दाबलं. थोड्या वेळानं चौकोन परत हजर. पुन्हा 'नंतर'. पुन्हा हजर! पैसे मागायला आलेला पाहुणासुद्धा इतक्या चिकाटीनं बसत नाही. शिवाय चौकोन आला की यंत्र जागच्या जागी थांबायचं आणि दोरा तुटायचा.

"अहो," बायकोनं आतून हाक मारली. "हे बसवू का? बसवलं आणि माझा भरतकामाचा प्रोग्राम चालेनासा झाला तर सोमवार गेला. नाही बसवलं तर हा मला काम करू देत नाही. मला सुचेनासं झालंय. तुम्ही ऑफिसात एवढे निर्णय घेता ना? मग हा घ्या. होय की नाही, एवढंच सांगा."

मी दारातून चौकोनाकडे पाहिलं. चौकोनानं माझ्याकडे पाहिलं. खाली दोनच बटणं होती. शेरा मारायला जागाच नव्हती. ज्यानं कुणी तो चौकोन बनवला त्यानं कधी कार्यालयात काम केलं नसावं.

"परत जाता येणार नाही म्हणतोय," मी म्हटलं. "कायमचंच आहे हे. असं उठून हो म्हणता येत नाही. मला उद्याचा दिवस दे."

शनिवारी मी घरी सभा बोलावली. मेहुणा आला, त्याच्याबरोबर सासरेही आले. मेहुणा फ्रिज विकतो. फ्रिजला हल्ली पडदा असतो म्हणून तो स्वतःला कॉम्प्युटरमधला जाणकार समजतो.

"दाजी, डोळे झाकून घ्या," तो म्हणाला. "नवीन ते नवीन."

"चालत्या घड्याळाचं झाकण काढू नये," सासरे म्हणाले. ते आयुष्यभर घड्याळं दुरुस्त करत आले. "माझ्याकडे येणारी निम्मी घड्याळं चांगली होती, जावईबापू. कुणीतरी ती आणखी चांगली करायला गेलं होतं."

"बाबा, जुन्यात धोका असतो."

"तू जुना फ्रिज बदलायला सांगतोस तेव्हाही हेच म्हणतोस."

"मग खोटं असतं का ते?"

"आपल्या घरचा फ्रिज तुझ्या जन्माआधीचा आहे. अजून बर्फ करतो."

मग त्या दोघांचं फ्रिजवर जे सुरू झालं ते चहा होईपर्यंत थांबलं नाही. मी मध्येच विचारलं, "पण म्हणजे बसवायची ना?" मेहुणा म्हणाला, "बसवा, पण माझं नाव सांगू नका." सासरे म्हणाले, "बसवू नका, पण तो चौकोन फार त्रास देत असेल तर बसवा." दोघांचं ऐकून माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. आधी मला एक गोष्ट कळत नव्हती, आता तीन कळेनाशा झाल्या. कार्यालयात मतं मागवताना किती सुख असतं! तिथं ती कधी येतच नाहीत.

शेवटी परगावी शिकणाऱ्या मुलीला फोन लावला.

"बाबा, बसवा नाहीतर नका बसवू," ती म्हणाली, "पण आधी आईच्या चित्रांची एक प्रत वेगळी काढून ठेवा. मग काही झालं तरी भीती नाही."

हे मात्र मला पटलं. निर्णयाआधी कागदपत्रं सुरक्षित! बायको दोरे आणायला बाजारात गेली होती. मी आयुष्यात पहिल्यांदा त्या खोलीचा उंबरा ओलांडला, खुर्चीत बसलो आणि चित्रांचा कप्पा उघडला.

अरे देवा! काय तो गोंधळ! आधी हत्ती, मग ट्रॅक्टर, मग गाय, मग पतंग, मग सिंह. गायीच्या शेजारी ट्रॅक्टर समजू शकतो, पण पतंगाला लागून सिंह? असं प्रकरण घेऊन कुणी माझ्या टेबलाशी आलं असतं तर मी हात लावला नसता. प्रत काढायची ती नीट लावलेल्या कागदांची काढावी, नाही का? मी बाह्या सरसावल्या. पाळीव प्राणी एकीकडे घेतले. मग वन्य प्राणी. मग पक्षी, मग वाहने. प्रत्येकाला वर्गवारीप्रमाणे नवा क्रमांक दिला. पंखा कशातच बसेना. त्याला मी शेवटी टाकलं, सगळ्या उरल्यासुरल्या गोष्टींबरोबर.

काम झाल्यावर मी मागे रेलून पाहिलं. इतकं देखणं प्रकरण मी नोकरीत पाहिलं नव्हतं. मला इतकं समाधान वाटलं की प्रत काढायची राहूनच गेली. तेवढ्यात बायको आल्याची चाहूल लागली, मी उठलो आणि दाराबाहेर माझ्या हक्काच्या जागी जाऊन उभा राहिलो.

"झाला का निर्णय?" तिनं विचारलं.

"प्रक्रिया सुरू आहे," मी म्हटलं.

रविवारी सकाळपासून बायको कामाला बसली. चौकोन यायचा, ती 'नंतर' दाबायची, दोरा ओवायची, पुढे चालू. एप्रन चढव, बटण दाब, दोरे काप, घडी घाल. तिनं पटाचा क्रम लावलेला असल्यामुळे कुठल्या नावावर कुठलं चित्र हे बघायची तिला गरजच नव्हती. मी बाहेर बसून विचार करत होतो. चळत निम्म्यावर आली. यंत्राचा आवाज कसा छान एका लयीत चालला होता.

मग तो थांबला. मला वाटलं, चौकोन आला असेल. पण यंत्राचा आवाज पुन्हा सुरू झाला नाही.

मी दारात गेलो. बायकोच्या हातात एक एप्रन होता. त्यावर पंखेवालीचं नाव होतं. ते एकच नाव बायकोला पाठ होतं. आणि नावाच्या वर एक लठ्ठ, पिवळं, आनंदी बदक होतं.

"पंखा कुठंय?" बायको हळूच म्हणाली.

माझी बायको ओरडते तेव्हा मला भीती वाटत नाही. ती हळू बोलते तेव्हा वाटते.

तिनं घडी घातलेले एप्रन उलगडायला घेतले. एकेका नावाशी पटावर नावापुढे लिहिलेलं चित्र ताडून पाहिलं. हत्तीवाल्याला गाय. ट्रॅक्टरवाल्याला मांजर. पतंगवालीला बैल. एक धड नाही!

"तुम्ही दाबलंत," ती म्हणाली.

"मी? मी काहीही दाबलेलं नाही. मी आयुष्यात काही दाबलेलं नाही!"

"मग आपोआप बसली वाटतं ती प्रणाली. सगळी चित्रं उलटीपालटी करून टाकली मेलीनं."

मला तेच खरं वाटलं, अगदी शपथेवर सांगतो. मी मेहुण्याला फोन लावला. तो म्हणाला, "बसली असेल आपोआप. आता मागे जाता येत नाही, दाजी. मी बसवा म्हटलं होतं हे ताईला सांगितलं नाहीत ना?" मागून सासऱ्यांचा आवाज आला, "झाकण काढलं वाटतं!" आमच्या घरात इतका गोंधळ कधी झाला नव्हता. बायको चित्रं शोधतेय, मी जुनी प्रणाली परत कशी आणायची ते मेहुण्याला विचारतोय, मेहुणा मला यंत्राची पिन काढून परत लावायला सांगतोय, आणि मी घाबरून फ्रिजची पिन काढलीय.

"उसवता नाही का येणार?" मी विचारलं.

"भोकं राहतात," बायको म्हणाली. "एकदा टाका पडला की पडला. आणि कोरे एप्रन आता कुठून आणू? रविवारी कापडवाला बंद." तिचे डोळे भरून आले होते. "मी त्या पोरीला शब्द दिलाय हो."

मी मुलीला फोन लावला आणि फोनचा डोळा पडद्याकडे वळवला.

"बाबा, तो चौकोन अजून आहे ना कोपऱ्यात?" मुलगी म्हणाली.

"आहे की."

"काय विचारतोय?"

"आता बसवायची की नंतर."

"मग बसलेली कुठंय? बसली असती तर विचारेल कशाला? काहीही बदललेलं नाही बाबा. चित्रांचा कप्पा उघडून दाखवा बरं."

बायकोनं कप्पा उघडला. मुलीनं मोठ्यांदा वाचायला सुरुवात केली. "पाळीव एक. पाळीव दोन. वन्य एक... ही नावं कुणी दिली? आणि हे शेवटी काय आहे? संकीर्ण चार, कंसात पंखा."

बायको सावकाश माझ्याकडे वळली. उभ्या जगात संकीर्ण हा शब्द घरात वापरणारा एकच माणूस आहे, हे तिला ठाऊक होतं.

"पंखा," ती म्हणाली. "संकीर्ण?"

"तो वाहनांत बसेना," मी म्हटलं.

यापुढचं संभाषण मी इथं देत नाही. फोनवर मुलगीही होती, तिनंही बरंच काही ऐकलं. मग बायकोनं डोळे पुसले, उरलेली चित्रं उरलेल्या एप्रनांवर काढून टाकली, आणि अगदी शेवटच्या एप्रनवर, भलत्याच मुलाच्या नावावर, तिचा तो पंखा आला. सुंदर आला होता. पाती फिरताहेत असं खरंच वाटत होतं.

सोमवारी सकाळी तिनं गठ्ठा माझ्या हातात दिला.

"तुम्ही जायचं. जे झालं ते मोठ्या बाईंना तुमच्या तोंडानं सांगायचं. पुढे काय करायचं ते विचारलं तर उत्तर द्यायचं. तुम्ही. समजलं?"

बालवाडीच्या वर्गात मुलं सतरंजीवर बसली होती. दारात एक मुलगी चौकट धरून उभी होती आणि छताकडे बघत होती. मी तिच्या शेजारून आत शिरलो, तेव्हा तिनं माझ्या गठ्ठ्याकडे पाहिलं. मला तिच्या नजरेला नजर देववेना.

मी मोठ्या बाईंना सगळं सांगायला लागलो, पण माझं सांगणं नव्या प्रणालीपासून सुरू झालं आणि वाटेत फ्रिजमध्ये अडकलं. बाईंना काही उमगेना. त्यांनी सरळ वरचा एप्रन उचलला, नाव वाचलं आणि त्या मुलाला घालायला गेल्या.

"मी गाय नाही!" मुलगा म्हणाला. "मी हत्ती आहे!"

दुसऱ्याला मांजर दिलं, तो ट्रॅक्टरसाठी रडायला लागला. पतंगवालीनं बैल बघून सतरंजीवर अंग टाकलं. बघता बघता सगळा वर्ग रडायला लागला. नळजोडणी खात्यावर पाणी न आल्याबद्दल मोर्चे आलेत, पण असा मोर्चा मी पाहिला नव्हता.

बाई माझ्याकडे वळल्या. "अहो, आता एप्रन नावाप्रमाणे वाटू की चित्राप्रमाणे? काय ते सांगा चटकन!"

पुन्हा दोन बटणं! माझ्या कानात मेहुणा आणि सासरे एकदम बोलायला लागले. आणि मग तोंडातून आपसूक निघून गेलं, "संबंधितांचे मत घ्यावे."

बाईंचा चेहरा उजळला.

"अगदी बरोबर!" त्या म्हणाल्या. त्यांनी सगळा गठ्ठा सतरंजीवर ओतला. "मुलांनो, ज्याचं त्यानं घ्या बरं!"

एकाही मुलानं दुसऱ्याला विचारलं नाही. कुणी विचार करायला वेळ मागितला नाही. हत्तीवर हत्तीवाला पडला, ट्रॅक्टरवर ट्रॅक्टरवाला. मी चहाचा घोट घेऊन कप खाली ठेवेपर्यंत सगळं प्रकरण निकाली निघालं असतं, चहा मिळाला असता तर. ढिगात एकच एप्रन राहिला. दारातली मुलगी चौकट सोडून आत आली, मुलांच्या पायांतून वाट काढत गेली, पंखा उचलून डोक्यातून घातला आणि सतरंजीवर मांडी घालून बसली. बाईंनी तोंडावर हात ठेवला. मला एकदम भरून आलं आणि मी उगाच खिडकीतून बाहेर बघायला लागलो.

"नावं तेवढी बदलावी लागतील," बाई डोळे टिपत म्हणाल्या. "पण काय निर्णय घेतलात हो तुम्ही! सवय दिसते."

"रोजचंच आहे," मी म्हटलं.

पंखेवाली माझ्याकडे बघत होती. "तुझं चित्र कुठलं?" तिनं विचारलं.

"माझं?" मी म्हटलं. "बघू या. विचार करून सांगतो."

तिनं मला वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं. "कासव," ती म्हणाली आणि पंख्याच्या पात्यांवरून बोट फिरवायला लागली. बाईंना हसू आवरेना. त्यांनी तिथूनच बायकोला फोन लावला.

छाती पुढे काढून घरी आलो तर मागच्या खोलीतून यंत्राचा आवाज येत होता. पडद्यावर चौकोन नव्हता.

"तो कुठं गेला?" मी दारातून विचारलं.

"तुम्ही गेल्यावर बसवली नवी प्रणाली. दूध तापेपर्यंत झालं सगळं."

"आणि प्रोग्राम?"

"चालतोय की. पहिल्यापेक्षा बरा."

"पण तू विचारलंस कुणाला?"

"कशाला? यंत्र माझं आहे," बायको म्हणाली आणि माझ्या हातात उसवायचा बारीक आकडा ठेवला. "भोकं झाकायला नव्या नावांच्या पट्ट्या शिवते मी. बाई रोज थोडे एप्रन परत पाठवतील, त्यांवरची जुनी नावं तुम्ही उसवायची. रोज ऑफिसातून आल्यावर, चहाच्या आधी. आणि त्यासाठी तुम्हाला एप्रन करतेय."

मी वाकून पाहिलं. माझं नाव शिवून झालं होतं. वर कासवाची मान आणि चारी पाय उमटले होते. तेवढ्यात तिनं यंत्र थांबवलं.

"पाठ हिरवी करू की तपकिरी? पटकन सांगा, दोरा बदलायचाय."

मी कासवाकडे बघितलं. हिरवा वाईट नव्हता. पण तपकिरीही शोभला असता.

"काय म्हणतो," मी म्हटलं, "त्या पंखेवालीला एकदा विचारून घेऊ या का?"

तो एप्रन घालून मी सध्या रोज नावं उसवतो आहे. त्यावर एक मान आहे आणि चार पाय आहेत. पाठीचं प्रकरण अजून विचाराधीन आहे.